नवा माठ, जुनं बॅरल

पोरी, मांजरीला दोन वर्षं वाइनचं शिकून आलीस. यीस्ट, पीएच, फिनॉल हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण परवा ताई म्हणाली, भाची सोमवारपासून सेलरात कामाला लागतेय, तिला चार गोष्टी कानात सांग. म्हणून बसलोय. मी शिकलो ते हातानं आणि नाकानं. जिभेनं नाही, कारण मी माळकरी. बावीस वर्षं तीन ठिकाणच्या सेलरांत काढली, पण एक थेंब गिळला नाही. सुरुवातीला घोडनदीला पारावर हसायचे, पंढरीला जातो आणि दारूच्या पिंपात राबतो म्हणून. मी म्हणायचो, पगार द्राक्षाचा आहे बाबांनो.

आधी मुद्द्याचं सांगतो, मग बाकीचं. आपल्या टापूत रेड वाइनला लाकूड कमी लागतं आणि लक्ष जास्त लागतं. फ्रान्सची पुस्तकं वाचून आलेली पोरं नेमकं उलटं करतात.

याचं कारण पंचांगात आहे. फ्रेंच माणूस सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्ष तोडतो. त्याची वाइन बॅरलमध्ये जाते तेव्हा समोर थंडीचे चार महिने असतात. तळघर आपोआप गार, वाइन शांत, गाळ तळाला. आपण एप्रिलात खरड छाटणी करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोड छाटणी, आणि लाल द्राक्ष हाताशी येतं फेब्रुवारी-मार्चात. आंबवण उरकून वाइन बॅरलमध्ये जायला एप्रिल उजाडतो. म्हणजे ऐन वैशाख वणव्याच्या तोंडावर. बाहेर दौंडचा पारा चाळिशीपार आणि आत तुझी कोवळी वाइन. त्यात आपल्या उन्हात साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो, त्यामुळे वाइन रंगानं दाट, अंगानं मऊ, पण कण्याला जरा कमी. अशा वाइनवर नवं लाकूड लादलं की द्राक्ष राहतं बाजूला आणि पेल्यातून सुताराच्या दुकानाचा वास येतो.

लाकूड करतं काय, हे माठावरून समजून घे. नवा माठ आणला की पहिले दोन दिवस पाण्याला मातीचा वास मारतो, ते पाणी आपण झाडाला घालतो. मग काही महिने माठ असा चालतो की फ्रिज नको वाटतो. दोन उन्हाळे गेले की वास कधीच संपलेला असतो, पण झिरपणं चालू असतं. बॅरलचीही दोन कामं आहेत, वास देणं आणि श्वास देणं. वास पहिल्या भरणीत सगळ्यात जास्त सुटतो, दुसऱ्या भरणीत बराच उतरतो, चौथ्या वर्षाला जवळपास संपतो. श्वास मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं चालतो. फळीतून, सांध्यातून, बुचाच्या कडेनं अगदी कणाकणानं हवा आत जाते. त्या हवेनं द्राक्षाचा रंग आणि सालीचा तुरटपणा एकमेकांना धरतात. रंग पक्का होतो, तुरटपणा गोलसर होतो. कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड आवळतं आणि पिकलेल्या जांभळाला नुसतं सुरसुरतं, तेवढा फरक पडतो. हे काम चार वर्षांचं जुनं बॅरलही मन लावून करतं. म्हणून म्हाताऱ्या बॅरलला बागेतली कुंडी करायची घाई करू नकोस. साहेब लोकांना कुंड्या फार आवडतात.

लाकूड ओकचंच का, असं तू मला लहानपणी विचारलं होतंस. बाभूळ का नाही, साग का नाही. साग तेलकट, स्वतःचा वास सोडतो. बाभूळ गाडीच्या चाकाला उत्तम, पण तिच्या सालीनं कातडी कमावतात, यावरून तुरटपणाचा अंदाज कर. ओक पाणी धरतो, वाकतो, आणि त्याचा वास वाइनशी भांडत नाही. त्यातही फ्रेंच ओक वेगळा, अमेरिकन वेगळा. अमेरिकन ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून तो करवतीनं कापला तरी गळत नाही. फ्रेंच ओक मात्र धाग्याच्या अंगानं फोडावा लागतो, म्हणून एका ओंडक्यातून फळ्या कमी निघतात आणि भाव चढतो. फळ्या पुढं दोन-तीन वर्षं उघड्यावर पडतात, ऊन-पाऊस खाऊन त्यांचा कडवटपणा धुऊन जातो. मग विस्तव करून फळ्या वाकवतात, कडी ठोकतात. गाडीच्या चाकावर लोहार तापवलेली धाव चढवायचा ते आठव, हे त्याच नात्यातलं काम.

आतून भाजणं ही खरी मेख. इथं तुला आपला दौंडचा गुळव्या आठवला पाहिजे. काहिलीतला पाक एका क्षणी उतरवला तर पिवळाधमक गूळ, दोन मिनिटं उशीर झाला तर तांबडा, आणखी उशीर केला तर करपट. बॅरल बनवणारा तेच करतो. हलकं भाजलं तर कच्च्या लाकडाचा वास राहतो. मध्यम भाजलं तर व्हॅनिला, लवंग, भाजलेला बदाम. जास्त भाजलं तर धूर, कॉफी, कोळसा. अमेरिकन लाकडाला यावर खोबऱ्याचा वास असतो, तो तुला लगेच ओळखू येईल; दिवाळीत करंजीचं सारण परततात तेव्हा घरभर सुटतो तसाच. बॅरलच्या झाकणावर करणाऱ्याचं नाव, जंगलाचं नाव, भाजणीचं चिन्ह, वर्ष, सगळं डागलेलं असतं. पहिल्या दिवशी कुणाशी गप्पा मारण्याआधी रांगेतून फिर आणि ही झाकणं वाच. वहीत उतरव.

आता कुठल्या वाइनला कुठलं? माझं मत सांगतो, तुझे साहेब वेगळं सांगतील. काबर्ने सोव्हिन्यों अंगानं जाड असतो, त्याला फ्रेंच लाकूड, मध्यम भाजणी, बारीक धाग्याचं. बारीक धाग्याचं लाकूड वास सावकाश सोडतं, आपल्या उकाड्यात तेच बरं. शिराझला थोडा अमेरिकन ओक मानवतो, पण थोडाच. शिराझमध्ये मिरीचा जो वास असतो तो खोबऱ्याखाली गाडू नये. सांजोव्हेझेला जुनं आणि शक्यतो मोठं बॅरल दे. बॅरल जितकं मोठं तितका वाइनला लाकडाचा स्पर्श कमी, हा साधा हिशेब आहे. पलीकडे अकलूजला फ्रातेल्लीवाले काबर्ने आणि सांजोव्हेझे एकत्र करून सेत्ते नावाची वाइन काढतात, मुरवलेल्या देशी रेडचं नाव काढलं की लोक ती सांगतात. आपल्या तालुक्यात रोटीच्या माळावर यूबी समूहानं फोर सीझन्सची वायनरी उभारली, अभय केवडकर तिथले मुख्य वाइनमेकर होते. त्यांच्या वरच्या बाटल्यांवर नावच होतं 'बॅरीक रिझर्व्ह'. बॅरीक म्हणजे हेच, २२५ लिटरचं बोर्दो पद्धतीचं बॅरल. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी इंडाज काढली तेव्हा लोकांना वाइन म्हणजे काय हेच सांगावं लागायचं. आज तालुक्याची पोरगी सेलरात नोकरीला लागते.

पैशाचंही ऐक, कारण ते तुला वर्गात कुणी सांगितलं नसेल. नवं फ्रेंच बॅरल हजार युरोच्या आसपास, वर जहाजाचं भाडं आणि कर. म्हणजे लाखाच्या घरात. त्यात बसतात २२५ लिटर, ७५० मिलीच्या तीनशे बाटल्या. एकाच भरणीवर खर्च टाकला तर बाटलीमागे तीनशे-साडेतीनशे रुपये नुसत्या लाकडाचे. तेच चार भरण्या केल्या तर ऐंशी-नव्वद. म्हणून शहाणा माणूस दरवर्षी चार-पाच बॅरलांत एखादंच नवं घेतो, बाकी दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या भरणीची ठेवतो, आणि शेवटी सगळ्यांची वाइन टाकीत एकत्र करतो. सगळी बॅरलं नवी घ्या म्हणणारा बहुधा बॅरल विकणारा असतो.

ओकचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून टाकीत सोडतात, तेही पाहशील. युरोपानंसुद्धा २००६ मध्ये त्याला परवानगी दिली. मला त्यात पाप दिसत नाही. स्वस्त वाइनला चहात आलं घातल्यासारखा वास येतो, ग्राहक खूश. फक्त तुकड्यांनी वास मिळतो, श्वास मिळत नाही. ती वाइन बॅरलमध्ये मुरली असं कुणाला सांगू नकोस.

नवं बॅरल आलं की ते प्लास्टिकमधून काढून उन्हात टाकायचं नाही. वाळलं की फळ्या आखडतात. उन्हाळ्यात गाडीचं चाक सुकून धाव सैल झाली की आबा चाक डोहात बुडवून ठेवायचे. बॅरललाही तसंच पाणी पाजावं लागतं. थोडं गरम पाणी आत घाल, बूच लाव, हलव, मग एका झाकणावर उभं करून वरच्या झाकणावर पाणी ठेव, दुसऱ्या दिवशी उलटं कर. कुठं पाझरतंय ते खडूनं खूण कर. आणि हे पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं टीसीएल मारलेलं नको. ही गोष्ट मी तुला तीनदा सांगणार आहे. क्लोरीन, ब्लिचिंग पावडर, टीसीएल, यातलं काहीही सेलरच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. क्लोरीन आणि लाकूड आणि बुरशी एकत्र आले की भिजलेल्या गोणपाटाचा वास धरतो, आणि तो वास बॅरलमधून, भिंतीतून, कशातूनच जात नाही. झाडूवाल्या मावशी प्रेमानं फरशीवर ब्लिचिंग टाकतील. त्यांना पहिल्या दिवशीच सांग, आणि का ते समजावून सांग, नुसतं ओरडू नकोस.

आता टॉपिंग. बॅरल श्वास घेतं म्हणजे वाइन उडते. वर्षाला शंभरातले दोन ते पाच लिटर. फ्रेंच लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या हवेत देवदूत जरा जास्तच तहानलेले. तीन टक्के धरले तरी एका बॅरलमागं वर्षाला नऊ बाटल्या हवेत. जी जागा रिकामी होते तिथं हवा बसते, आणि हवा बसली की वाइन गेली. कैरीच्या लोणच्यावर आई तेलाचा थर कमी पडू देत नव्हती ते कशासाठी? फोड उघडी पडली की बुरशी धरते. तसंच हे. आठवड्याला एकदा, फार तर दहा दिवसांनी, बूच काढायचं, त्याच जातीची चांगली वाइन घालून काठोकाठ भरायचं, बूच पुसायचं, लावायचं.

माझ्या हातून झालेलं सांगतो. त्या वर्षी मी वारीला गेलो. तुकोबांची पालखी रोटी घाट चढते, रथाला जादा बैलजोड्या लावतात, माणसांचा नुसता पूर येतो. पाटसपासून मी पालखीबरोबर होतो, मनात सेलरचा विचारही नाही. जाताना चावी आणि टॉपिंगचं काम एका पोराकडं सोपवलं होतं. त्यानं केलं, नाही असं नाही. पण मागच्या रांगेत वरच्या थराला दोन बॅरलं होती, तिथं शिडीशिवाय हात पोचत नाही, आणि ती शिडी मीच बागेत नेऊन ठेवली होती, हे त्याला सांगायला विसरलो. घरी येईपर्यंत तीन आठवडे झाले. बूच काढलं तर वर पांढरी साय, आणि वास येतो तो तुम्ही पोरी नखाला लावता त्या पॉलिशचा. खालून नळीनं काढून पाहिलं, आतही पोचला होता. साडेचारशे लिटर. सहाशे बाटल्या. साहेब एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून माझी शिडी कायम तिसऱ्या रांगेशी. तूही तुझी शिडी सेलरबाहेर जाऊ देऊ नकोस.

गंधकाचं तुला माहीतच आहे, भुरीवर आपण बागेत धुरळतो तेच. रिकाम्या बॅरलमध्ये गंधकाची वात पेटवून बूच लावायचं, दर महिन्याला. वाइनमध्ये सल्फर घालताना मात्र आकडा आंधळेपणानं पुस्तकातून घेऊ नकोस. आपल्या वाइनचा पीएच चढा असतो. ३.४ च्या वाइनला जेवढं सल्फर पुरतं, त्याच्या अडीच पट ३.८ च्या वाइनला लागतं. म्हणून पीएच द्राक्ष आल्याबरोबर, आंबवण्याआधीच टार्टारिकनं बसवून घ्यायचा. बॅरलमध्ये गेल्यावर रडून उपयोग नाही.

चढा पीएच आणि गरम सेलर एकत्र आले की ब्रेट नावाचं यीस्ट घर करतं. घोड्याच्या तबेल्याचा, जखमेच्या पट्टीचा वास. काही परदेशी लोक थोडा असला तर आवडीनं घेतात म्हणे. घेऊ देत. तू तबेल्याचा वास आला की ते बॅरल बाजूला काढ, त्याची नळी, त्याची बादली वेगळी कर, आणि पुन्हा त्यात चांगली वाइन भरू नकोस. एका बॅरलवरून दुसऱ्यात तो रोग नेणारा बहुतेक वेळा आपलाच हात असतो.

सेलर १३ ते १६ अंशांत ठेवायचं. खरं काम आकडा गाठण्याचं नाही, तो हलू न देण्याचं आहे. दुपारी वीज गेली, जनरेटर उशिरा सुरू झाला, संध्याकाळी पुन्हा गार. असं रोज हेलकावत राहिलं की वाइन फुगते, आक्रसते, बुचाशी पाझरते. त्यामुळे मे महिन्यात दार उघडायचं ते पहाटे. पाहुण्यांना सेलर दाखवायचं तेही सकाळी. दमटपणाही सांभाळ. कोरड्या हवेत बॅरलमधून पाणी जास्त उडतं आणि वाइन तापट होते. दमट हवेत दारूचा अंश उडतो आणि वाइन मवाळ होते. आपली द्राक्षं आधीच गोड, त्यांना आणखी तापटपणा नको. मे महिन्यात फरशीवर स्वच्छ पाणी मारायचं, भिंतीला ओलं गोणपाट टांगायचं. आषाढात उलटं, तेव्हा बॅरलवर बाहेरून बुरशी येते, ती कोरड्या फडक्यानं पुसायची. कुठलंही औषध मारायचं नाही. का, ते मघाशी सांगितलं.

बॅरलमधून वाइन कधी काढायची? याला महिन्यांचं कोष्टक नाही. आठ, बारा, चौदा महिने असं लोक सांगतात, पण प्रत्येक बॅरल वेगळं वागतं. काचेच्या नळीनं दर महिन्याला थोडी काढून बघायची. त्या नळीला सेलरात थीफ म्हणतात, चोर. नाव बरोबर ठेवलंय. रंग बघ, जांभळी कड गेली का, विटकरी यायला लागली का. वास घे. लाकूड आधी नाकात येतं की द्राक्ष? ज्या महिन्यात दोन्ही एकदम येतात, त्या महिन्यात ते काढ. लाकूड पुढं निघालं तर उशीर झाला. मग ते जुन्या बॅरलच्या वाइनमध्ये मिसळून झाकावं लागतं. शेवटी तुरटपणा फारच असेल तर काही ठिकाणी बॅरलमागं पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात, तो तुरटपणा घेऊन तळाला बसतो. ते काम मी कधी केलं नाही, माळेमुळं. तुला करावं लागलं तर खुशाल कर, मला फक्त सांगू नकोस.

बाटलीत भरल्यावरही वाइन रुसते. चार-सहा महिने तिला बोलता येत नाही, मग हळूहळू उघडते. खऱ्या बुचाची बाटली आडवी ठेवायची, बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. आपल्या बहुतेक रेड दोन-चार वर्षांत पिऊन टाकाव्यात, चांगल्या मुरवलेल्या सात-आठ वर्षं जातात. तुझे काका भेट मिळालेली बाटली फ्रिजवर ठेवतात, पाहुणे येतील तेव्हा काढू म्हणून. फ्रिजचं वरचं अंग कायम कोमट असतं, शिवाय थरथरतं. तिथं दोन उन्हाळे काढलेल्या बाटलीत वाइन उरत नाही. त्यांना सांग, मामानं सांगितलं म्हणून सांग, की कोठीच्या खालच्या फळीवर ज्वारीच्या पोत्याशेजारी ठेवा.

आणि लेबलावर 'रिझर्व्ह' दिसलं म्हणून हुरळू नकोस. स्पेनमध्ये रेडवर तो शब्द लिहायचा तर तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान एक वर्ष लाकडात. आपल्याकडची बाटली असेल तर मागचं लेबल वाच, किती महिने, कसलं लाकूड. लिहिलं नसेल तर विचार. विचारलं की लोकांना लिहावं लागतं.

सोमवारी सकाळी सात वाजता जा, उकाडा वाढायच्या आत. अत्तर लावू नकोस, केसाला सुवासिक तेल नको, हाताला क्रीम नको. वही, खडू आणि स्वच्छ सुती फडकी ने. पहिला आठवडा फक्त टॉपिंग माग.